खडकीच्या वेशीवर आलेले जग

डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथसंग्रहात मोगल चित्रशाळेतील एक लघुचित्र जतन करून ठेवलेले आहे. १६१६ च्या सुमारास अबुल हसन या चित्रकाराने ते रंगविले. महामत्स्याच्या पाठीवर वृषभ, वृषभाच्या पाठीवर पृथ्वीचा गोल आणि त्या गोलावर पाय रोवून उभा असलेला जहांगीर बादशहा अशी त्याची रचना असून, बादशहाच्या धनुष्याचा रोख समोर भाल्याच्या अग्रावर खोचलेल्या एका कृष्णवर्ण मस्तकावर आहे. ते मस्तक अहमदनगरच्या निजामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबर याचे. चित्र रंगविले गेले तेव्हा अंबर जिवंत होता, त्यानंतरही दहा वर्षे तो मोगलांच्या फौजांना पुन्हा पुन्हा जेरीस आणीत राहिला, आणि बादशहाच्या हाती तो जिवंत वा मृत कधीच लागला नाही. रणांगणावर न साधलेला विजय कुंचल्याने साधून घेण्याचा हा प्रयत्न अभ्यासकांना सुपरिचित आहे. मला मात्र त्याहून अधिक विचारणीय वाटतो तो बादशहाच्या पायाखालचा पृथ्वीगोल. युरोपातून आलेल्या नकाशांच्या व छापील चित्रांच्या परिचयाने तो मोगल चित्रकलेत शिरला, आणि ज्या वर्षी हे चित्र सिद्ध झाले त्याच वर्षी इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो व्यापारी सवलतींसाठी अजमेरच्या दरबारात रदबदली करीत होता. फर्गण्याहून आलेल्या घराण्याचा बादशहा, युरोपातून आलेला गोल आणि आफ्रिकेतून आलेला शत्रू अशा तिघांना एका चौकटीत आणणारा कलह होता दख्खनच्या मुलखाचा, आणि त्या मुलखाचे एक प्रमुख ठाणे होते खाम नदीच्या काठी नुकतेच वसलेले खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर.

जागतिकीकरणाची चर्चा १९९१ च्या आर्थिक धोरणापासून आरंभ करण्याचा प्रघात आपल्याकडे पडून गेला आहे, आणि देशाच्या कायदेकानूंपुरता तो योग्यही असेल. परंतु या नगराचा इतिहास ज्याने थोडाबहुत चाळला आहे त्याला ही कालगणना फार तोकडी वाटल्यावाचून राहणार नाही. या नगराचा पाया दूरदेशीच्या माणसाने घातला, त्याचा उत्कर्ष दूरच्या बंदरांवर पोसला गेला आणि त्याचा अपकर्षही बहुधा दूर कोठेतरी बदललेल्या वाटांमुळे झाला. राष्ट्राराष्ट्रांतील संबंध आपण तहनाम्यांत आणि वकिलातींच्या दफ्तरांत शोधतो. ते तेथे असतातच, पण त्यांचा भार शेवटी ज्यांच्या खांद्यांवर येतो ते गुलाम, गाडीवान, साळी आणि फकीर यांची चरित्रे पाहिल्याखेरीज त्या संबंधांचा खरा अर्थ कळत नाही.

अंबराचेच चरित्र घ्यावे. सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात जन्मलेला हा मुलगा, ज्याचे मूळ नाव चापू असल्याचे सांगतात, लहानपणीच गुलामांच्या व्यापार्‍यांच्या हाती सापडला. तांबड्या समुद्राच्या दोन्ही तीरांवर हा व्यापार त्या काळी मोठ्या प्रमाणावर चाले, आणि इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशातून आणलेल्या माणसांच्या मोबदल्यात जो माल तिकडे जाई त्यात हिंदुस्थानी सुती कापडाचा मोठा भरणा असे. हे वाचताना मन अस्वस्थ होते. हिंदुस्थानच्या मागावर विणला गेलेला धडसा कपडा आणि हबशी मुलाच्या पायातील बेडी यांचा हिशेब एकाच वहीत मांडला जात होता, आणि विणणार्‍या साळ्याला त्याची वार्ताही नव्हती. जगाच्या बाजारपेठेचे गुणगान करणार्‍या प्रत्येकाने ही नोंद स्मरणात ठेवली पाहिजे असे मला मनापासून वाटते. डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुक १६१७ मध्ये अंबराच्या छावणीत जाऊन त्याला भेटला तेव्हा, एकेकाळी मोखा बंदरात हा वजीर वीस डुकाटांना विकला गेला होता, अशी नोंद त्याने करून ठेवली. मोखाहून बगदाद, बगदादला मीर कासीम नावाच्या धन्याच्या घरी अक्षरओळख, धर्मशिक्षण आणि ‘अंबर’ हे नवे नाव, आणि तेथून दख्खन, असा त्याचा प्रवास झाला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवा स्वतःच एकेकाळचा हबशी गुलाम होता. १५७५ च्या आगेमागे धनी मरण पावला, अंबर मोकळा झाला, आणि पंचवीस वर्षांच्या शिलेदारीनंतर, १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडताच, निजामशाही वंशातील एका तरुणाला दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवून त्याने बुडते राज्य उचलून धरले. ज्याला विकत घेतले गेले होते त्याच्याच कन्येचे लग्न पुढे सुलतानाशी लागले.

या राज्याची घडण पाहिली म्हणजे ते कोणा एका जातीचे वा देशाचे नव्हते हे ध्यानी येते. विल्यम फिंच या इंग्रज व्यापार्‍याच्या माहितीप्रमाणे अंबराच्या फौजेत हबशी सुमारे दहा हजार आणि दख्खनी चाळीस हजार होते, आणि या दख्खनींत मराठा शिलेदारांची संख्या फार मोठी होती. भोसले घराण्याचा उदय याच दौलतीच्या सेवेत झाला; १६२४ मध्ये भातवडीच्या रणात मोगल आणि आदिलशाही फौजांची एकत्र धूळधाण उडविणार्‍या सैन्यात शहाजीराजे होते. ज्या गनिमी लढाईचा उत्तरेच्या बादशाहीने पुढे शंभर वर्षे धसका घेतला, तिचे एक मोठे विद्यालय अंबराच्या छावणीत भरत होते. मुलकी कारभारात तर त्याचे नाव महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले. जमिनीची पाहणी, प्रत पाहून ठरविलेला धारा, आधी धान्यरूपाने आणि नंतर रोकडीत घ्यावयाचा वसूल, मिरासदाराचा हक्क आणि पाटील-कुलकर्ण्यांची जबाबदारी, ही ‘मलिकंबरी’ पद्धती म्हणून ओळखली गेली, आणि इंग्रज अंमलदारांनी शे-दोनशे वर्षांनंतर दफ्तरे उघडली तेव्हाही जुने लोक तिचा दाखला देत. एक आफ्रिकी माणूस, बगदादेत शिकलेला, मराठी कुणब्याचा धारा बांधून देतो आणि तो कुणबी त्याला आपला म्हणतो, ही घटना जगाच्या इतिहासात किरकोळ समजली जाऊ नये.

अंबराने खडकी वसविली ती १६१० मध्ये. अंबराच्या मराठा सरदारांच्या नावांनी येथे पुरे वसले. मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावे त्यांच्यावरून पडली अशी परंपरा आहे. भडकल दरवाजा त्याच काळचा. परंतु अंबराचे खरे स्मारक भूमीच्या खाली आहे. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरांच्या पोटातील पाझर शोधून, ते भुयारी मार्गाने आणून, ठिकठिकाणी हवेसाठी व दाब राखण्यासाठी उसासे आणि जलमनोरे उभारून, केवळ भूमीच्या उताराच्या बळावर सार्‍या नगराला पाणी पुरविणारी नहर-ए-अंबरी १६१७ च्या सुमारास सिद्ध झाली. जमिनीखालून पाणी वाहवून नेण्याची विद्या इराण-इराकात फार प्राचीन आहे. बगदादला तारुण्य घालविलेल्या माणसाने ती पाहिली असणे स्वाभाविक आहे, आणि सह्याद्रीच्या कातळात ती उतरविणारे हात मात्र याच मुलखातले असले पाहिजेत. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईनंतर मोगलांनी खडकी जाळली, १६२१ मध्ये शहजादा खुर्रमच्या मोहिमेत ती पुन्हा उद्ध्वस्त झाली, दोन्ही वेळा ती पुन्हा उभी राहिली. १६२६ मध्ये अंबर मृत्यू पावला आणि खुलताबादेस त्याला दफन करण्यात आले. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात त्याचा उल्लेख शिवीगाळीवाचून करीत नसे. पण त्याच बादशाहीचा इतिहासकार मुतमदखान याने अंबराच्या निधनाची नोंद करताना त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मुक्तकंठाने स्तुती केली. जहांगिराचा नातू औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना अंबराच्या नगराला त्याने आपले नाव दिले, आणि १७०७ मध्ये त्याचीही कबर त्याच खुलताबादेत झाली.

या नगराच्या परिसराचे जगाशी नाते मात्र अंबराहून दीड हजार वर्षे जुने आहे. दक्षिणेस पैठण, म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीकभाषी व्यापार्‍याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरमार्गाच्या पुस्तिकेत त्याची नोंद आहे. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर; पैठणहून अकीकाचे दगड, तगराहून जाडेभरडे व तलम कापड, हा माल दुर्गम वाटांनी गाड्यांत घालून भडोचला जातो, असे हा लेखक सांगतो. कल्याण हे सातवाहनांचे नैसर्गिक बंदर जवळ असताना माल इतक्या दूर का जावा, याचे उत्तर तोच देतो: कल्याणला उतरू पाहणार्‍या ग्रीक गलबतांना शस्त्रधारी पहार्‍यात भडोचला नेले जात होते. भडोच त्या वेळी शक क्षहरातांच्या ताब्यात होते. एका सत्तेने दुसर्‍या सत्तेचे बंदर असे कोंडून धरले, आणि घाटमाथ्यावरच्या अकीक कोरणार्‍याला व तगरच्या साळ्याला त्याचा फटका बसला. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात राजा नहपानाचा पाडाव केला. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुसंख्य नाणी नहपानाचीच असून त्यांच्यावर गौतमीपुत्राचा छाप पुन्हा मारलेला आहे. शत्रूचे चलन वितळवीत न बसता आपला शिक्का ठोकून ते पुन्हा बाजारात आणणे, हे त्या काळच्या राजनीतीचे व अर्थनीतीचे प्रत्यक्ष प्रमाण होय. रोमन जगाशी असलेल्या संबंधाचा याहून नाजूक पुरावा भोकरदनला मिळाला. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेई नगरात १९३८ मध्ये एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली होती. तिच्याशी निकटचे साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती भोकरदनच्या उत्खननात निघाली, आणि पाँपेईची मूर्ती याच बाजूच्या कारागिरांच्या परंपरेतील असावी, या मताला बळकटी आली. अजिंठ्याच्या भिंतींवरील निळाई बदकशानच्या राजवर्ती दगडाची आहे, आणि तेथल्या छतांवर टोपीधारी परदेशी पुरुष मद्यपात्र हाती घेऊन बसलेले आहेत. एके काळी विद्वानांनी ते चित्र पुलकेशीच्या दरबारी आलेल्या इराणी वकिलातीचे ठरविले होते. पुढे लेण्यांचा काळ त्याहून जुना ठरल्याने ते मत मागे पडले, तरी चित्रकाराच्या डोळ्यांना परदेशी चेहरे सरावाचे होते एवढे निश्चित.

मोगलांच्या काळात औरंगाबाद सुरत-गोवळकोंडा या हमरस्त्यावर आले. गोवळकोंड्याचे हिरे वर जात आणि सुरतेस उतरलेला परदेशी माल खाली येई. ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिर्‍या या वाटेने गेला तेव्हा बीबीच्या मकबर्‍यासाठी संगमरवर घेऊन चाललेल्या तीनशेहून अधिक गाड्या त्याला दिसल्या, आणि त्यांतील लहानात लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते. याच वाटेने फकीरही आले. बुखार्‍याजवळच्या घिजदुवान गावचे बाबा शाह सईद पलंगपोश मोगल सरदार गाझीउद्दीनखान फिरोजजंग याच्या लष्कराबरोबर दख्खनमध्ये वावरले, आणि त्याच गावचे त्यांचे शिष्य बाबा शाह मुसाफिर यांनी खाम नदीकाठी तकिया मांडला. मध्य आशियातून नशीब काढायला आलेला तुराणी शिपाई, हजला निघालेला वा हजहून परतलेला यात्रेकरू, दुखणेकरी, निष्कांचन, असे सारे तेथे उतरत. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्याच्या जोरावर तेथे फिरणारी पाणचक्की त्यांच्यासाठी पीठ दळी; आज पर्यटक कारंजाजवळ उभे राहून छायाचित्रे काढतात ती हीच. ज्या वर्षांत दिल्लीची पातशाही खिळखिळी होत होती त्या वर्षांत समरकंद-बुखार्‍याचा भुकेला माणूस मराठवाड्याच्या गव्हाची भाकरी खात होता, आणि त्यासाठी त्याला कोणा दरबाराच्या दस्तकाची गरज पडत नव्हती. याच तकियात मुक्काम करून गुलाम अली आझाद बिलग्रामी यांनी अरबी आणि फारसी काव्य व चरित्रग्रंथ रचले. वली आणि सिराज या औरंगाबादच्या कवींमुळे दख्खनी बोली दिल्लीच्या शायरांना अनुकरणीय वाटू लागली. आज त्या नगरात मराठी, उर्दू आणि दख्खनी एकाच गल्लीत नांदतात, त्याचे मूळ या वसाहतीत आहे.

अपकर्षाची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती एकसुरी आहे. १७६३ च्या सुमारास निजामअलीखानाने राजधानी हैदराबादेस नेली आणि अमीर-उमराव, त्यांचे खानसामे, जवाहिरे व भरजरी वस्त्रांची गिर्‍हाइके त्यांच्यामागे गेली. सुरतेचे वैभव मुंबईने हिरावले. १८०३ मध्ये भोकरदनजवळ असई येथे शिंद्यांच्या कवायती पलटणींचा आर्थर वेलस्लीने पराभव केला. त्या पलटणींचे अधिकारी पोलमानसारखे युरोपीय होते, आणि विजेता सेनापती पुढे वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला, इतकी युरोपातील स्पर्धा येथल्या ज्वारीच्या शेतांत येऊन ठेपली होती. मग यंत्राचे कापड आले. हिमरूचा ताणा सुताचा आणि बाणा रेशमाचा, मशरूचे अंग बाहेरून रेशमी आणि आतून सुती. शरीयतीचा नियम पाळून रेशीम नेसू पाहणार्‍या मुसलमान देशांत अशा कापडाला मागणी होती, आणि पैठणीला पुण्याच्या पेशव्यांपासून हैदराबादच्या जनान्यापर्यंत आश्रय होता. दरबारी आश्रय आटला, गिरणीचे कापड स्वस्त झाले, आणि माग एकामागून एक थंडावले. मनमाड-हैदराबाद रेल्वे १९०० मध्ये सुरू झाली, ती मुख्यतः कापूस बाहेर नेण्यासाठी. पैठणीला लागणारे रेशीम एकेकाळी चीनहून येई, आज ते बेंगळुरूकडून येते आणि जर सुरतेची असते. हिमरूचे हातमाग तर बोटांवर मोजण्याइतके उरले असून पर्यटकाच्या हाती पडणारी शाल बहुधा यंत्रमागाची असते. जे विणकर अजून ते काम धरून आहेत त्यांना गिर्‍हाइकाने खरा हातमाग विचारून घेतला तरी मोठा आधार होईल.

१९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला, २००१ पासून शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी जुळविल्या जाऊ लागल्या. वाळूजच्या तीनचाकी रिक्षा आफ्रिकेत जातात. इथिओपियाच्या शहरांत तर त्यांना ‘बजाज’ याच नावाने ओळखतात. साडेचारशे वर्षांपूर्वी त्या देशातून इकडे माणूस विकला गेला, आज इकडून तिकडे वाहन विकले जाते. व्यापाराचा हा पालट मला समाधान देतो. तथापि मागणी कोठे वाढेल, चलन कोठे घसरेल, कोणता देश कोणत्या मालावर जकात बसवील, हे अजूनही वाळूजच्या कामगाराला त्याच्या पाळीच्या घंटेवरून कळते, आणि त्याला विचारून कोणीही निर्णय घेत नाही. पैठणच्या अकीक कोरणार्‍याचीही अवस्था हीच होती.

याला एक मोठा अपवाद घडला, आणि तो या नगराच्या अलीकडच्या इतिहासातला. २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादच्या निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे हिंदुस्थानविरुद्ध तक्रार दाखल केली. हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्र आहे, असा त्या तक्रारीचा पाया होता, आणि औरंगाबाद त्या कथित राष्ट्राचा एक सुभा होता. १३ सप्टेंबरला हिंदी सेना हद्दीत शिरली, १६ सप्टेंबरला समितीने पॅरिस येथे प्रश्न हाती घेतला, १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवली आणि त्या महिन्याच्या अखेरीपूर्वी तक्रार मागे घेतल्याचे कळविले. हे सारे तारखांत सांगता येते. पण ज्या इच्छेने १७ सप्टेंबरची तारीख गाठली ती दहा वर्षे आधी औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात प्रकट झाली होती. १९३८ च्या नोव्हेंबरात तेथील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हक्क सोडण्यास नकार दिला, शिक्षा पत्करल्या, आणि तो संप उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेस, गोविंदभाई श्रॉफांसारखे कार्यकर्ते, आणि सरहद्दीवरच्या छावण्यांतून हद्द ओलांडणारे शेकडो अनाम तरुण यांनी या मुलखाचे भवितव्य दरबाराच्या वा परदेशी सभागृहाच्या स्वाधीन राहू दिले नाही. बंदरे, हमरस्ते, राजधान्या आणि रेल्वे यांनी ज्या मुलखाचे दैव शतकानुशतके ठरविले होते, त्या मुलखातील सामान्य माणसाने ते या एका प्रसंगी स्वतः ठरविले. सुरक्षा समितीच्या प्रश्नसूचीवर ‘हैदराबाद प्रश्न’ त्यानंतरही कित्येक वर्षे तसाच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे मुंबई राज्यात सामील झाले, तेव्हाही तो त्या सूचीवर होता.